ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांची चर्च-दप्तरं: आधी हक्क ओळखा, मग आकडा वाचा

ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या एखाद्या कॉलेजच्या जुन्या हिशेबवहीत खेड्याच्या नावापुढे 'रेक्टरीबद्दल १२ पौंड' असं दिसलं, की त्या चर्चचं वर्षाचं उत्पन्न १२ पौंड होतं असं टिपून पुढे जाण्याचा मोह होतो. हे जवळजवळ नेहमीच चुकतं. त्या १२ पौंडांचा त्या वर्षीच्या पिकाशी किंवा तिथल्या धर्मगुरूच्या पोटापाण्याशी संबंध असेलच असं नाही. बहुधा तो शे-दोनशे वर्षांपूर्वी ठरलेला आणि नंतर कुणी हात न लावलेला खंड असतो. म्हणून या दप्तरात क्रम पाळावा लागतो. कॉलेजकडे नेमका कोणता हक्क होता हे आधी ठरवायचं, तो हक्क कोणकोणत्या कागदांत उतरला हे मग शोधायचं, आणि आकडा सगळ्यात शेवटी वाचायचा.

कॉलेजकडे होतं तरी काय?

इंग्लंडमधल्या एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात, कॉलेजचे तीन वेगवेगळे हक्क असू शकतात. ते एकत्र असतात तसे सुटेही असतात.

पहिला ॲडव्हाउसन, म्हणजे चर्चची जागा रिकामी झाली की तिथे कोणाला नेमायचं ते बिशपपुढे सुचवण्याचा हक्क. इंग्रजी कायद्यात ही मालमत्ताच. ती विकत घेता येई, वारशाने मिळे, दान देता येई. पण या हक्कातून कॉलेजच्या तिजोरीत छदामही येत नाही. उत्पन्न सगळं नेमलेल्या माणसाचं. हिशेबवहीत त्या पॅरिशचं नाव वर्षानुवर्षं दिसलं नाही तर पानं गहाळ झाली असं समजू नका. कॉलेजकडे फक्त ॲडव्हाउसन असेल.

दुसरा हक्क रेक्टरीचा. पॅरिशमधल्या पिकाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, चर्चला जायचा. त्यात ढोबळ मानाने दोन भाग: धान्य, गवत, लाकूड यांचा 'मोठा' दशमांश आणि कोकरं, लोकर, अंडी, फळं, भाजी यांचा 'छोटा'. मूळ रेक्टर, म्हणजे त्या चर्चचा मुख्य धर्मगुरू, दोन्ही घेई. मध्ययुगात मठांनी असंख्य रेक्टऱ्या आपल्या ताब्यात घेतल्या, मोठा दशमांश स्वतःकडे ठेवला आणि उपासनेसाठी व्हिकर बसवून छोटा दशमांश त्याला दिला. १५३६ ते १५४० दरम्यान आठव्या हेन्रीने मठ मोडले तेव्हा ही मालमत्ता राजाकडे आली आणि तिथून इतरांकडे गेली. केंब्रिजचं ट्रिनिटी आणि ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च यांची उभारणी त्याने १५४६ मध्ये केली, ती अशाच मठांच्या मालमत्तेवर. काही कॉलेजांकडे रेक्टऱ्या त्याच्याही कितीतरी आधीपासून होत्या. १२६४ साली स्थापन झालेल्या मर्टन कॉलेजकडे ऑक्सफर्डपासून लांब, थेट नॉर्थम्बरलंडमधल्या एम्बल्टन आणि पाँटलँडच्या चर्चचं उत्पन्न मध्ययुगापासून होतं.

भाडेपट्ट्यात 'रेक्टरी' म्हटलं की पुष्कळ जण धर्मगुरूचं घर समजतात. तिथे त्याचा अर्थ दशमांश, ग्लीब म्हणजे चर्चच्या मालकीची शेतजमीन, कोठार आणि असलं तर घर, असा सगळा जुडगा. याच पट्ट्यात 'ॲडव्हाउसन वगळून' अशा अर्थाचं कलम हटकून सापडतं: दशमांश भाड्याने दिला तरी नेमणुकीचा हक्क कॉलेज आपल्याच हाती ठेवी. ते कलम आहे की नाही हे पहिल्याच वाचनात टिपून घ्या.

तिसरा हक्क जमीनदारीचा, म्हणजे त्या गावातल्या मॅनरचा किंवा सुट्या शेतांचा. त्याचा चर्चशी संबंध नाही, पण हिशेबात तो त्याच गावाच्या नावाखाली येतो आणि घोटाळा करतो. एका गावाच्या दोन-तीन नोंदी दिसल्या तर बेरीज करण्याआधी प्रत्येकीचा हक्क वेगळा लिहून काढा.

कॉलेजला पत्र लिहिण्याआधी

कॉलेजं खासगी संस्था आहेत. त्यांचं दप्तर त्यांच्याच इमारतीत असतं आणि बऱ्याच ठिकाणी एकच अभिलेखपाल असतो. 'अमुक गावाबद्दल जे काही असेल ते' अशी मागणी केली तर उत्तरही तसंच मोघम येतं. आधी छापील सरकारी कागद बघा. त्यातले तीन कामाचे आहेत, आणि तिघांनाही मर्यादा आहेत.

१५३५ चं व्हॅलर एक्लेसियास्टिकस ही आठव्या हेन्रीने चर्चच्या उत्पन्नावर कर बसवण्यासाठी केलेली मोजणी. तिच्यातला आकडा पुढे कायम झाला. अठराव्या शतकातल्या पत्रात 'राजाच्या वहीत या लिव्हिंगची किंमत ९ पौंड' असं वाचलं तर ती १५३५ ची किंमत आहे, चालू उत्पन्न नव्हे. लिव्हिंग म्हणजे चर्चमधली धर्मगुरूची उत्पन्नासकटची जागा. मग लोक ती सारखी का उद्धृत करत? कारण अनेक कॉलेजांच्या नियमांत फेलोने, म्हणजे कॉलेजच्या सभासद-अध्यापकाने, ठराविक किमतीपेक्षा मोठं लिव्हिंग घेतलं तर फेलोपद सोडावं लागे, आणि ती किंमत बहुधा राजाच्या वहीवरून मोजली जाई. उत्पन्न शेकडो पौंडांवर गेलं तरी कागदावर ते नऊच राही.

१८३५ चा धर्मसंस्थांच्या उत्पन्नाचा अहवाल प्रत्येक लिव्हिंगचं ढोबळ आणि निव्वळ उत्पन्न देतो. ही १८३१ च्या अखेरीस संपणाऱ्या तीन वर्षांची सरासरी आहे, एका वर्षाचा आकडा म्हणून वापरू नका. आणि १८७४ चा अहवाल ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या मालमत्तेवरचा. त्यात प्रत्येक कॉलेजच्या जमिनी, दशमांश आणि लिव्हिंग यांची यादी मिळते. आमचा सल्ला असा की १८७४ पासून उलटं मागे जावं. शेवटची स्थिती माहीत असली की मधल्या कागदांतले हक्क ओळखणं सोपं जातं.

नेमणुकांसाठी 'क्लर्जी ऑफ द चर्च ऑफ इंग्लंड डेटाबेस' इंटरनेटवर विनामूल्य आहे आणि १५४० ते १८३५ हा काळ त्यात येतो. तिथे गावाचं नाव टाकून व्हिकर-रेक्टरांची नावं, तारखा आणि नेमणूक सुचवणाऱ्याचं नाव काढा. 'सुचवणारा' या रकान्यात कॉलेजऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर कॉलेजने त्या एका वेळेपुरता हक्क दुसऱ्याला दिला होता का, की तोवर हक्क कॉलेजकडे आलाच नव्हता, हे तपासायचं.

एवढं झालं की अभिलेखपालाला नेमके प्रकार विचारता येतात: त्या गावाचे भाडेपट्टे किंवा पट्ट्यांच्या नकला उतरवलेली वही, नजराण्यांची वही, बर्सरचे वार्षिक हिशेब, लिव्हिंगविषयीचा पत्रव्यवहार, दशमांशाची फाइल, नकाशे. बर्सर म्हणजे कॉलेजचा खजिनदार. कोणती वर्षं हवीत ते लिहा. लॅटिन वाचता येत नसेल तर तेही आधीच सांगितलेलं बरं. इंग्रजीतले कागद कुठून सुरू होतात ते तिकडूनच कळेल.

भाडेपट्टा: खरं उत्पन्न कुठे दडतं

कॉलेज स्वतः गावोगाव पेंढ्या मोजत बसत नसे. रेक्टरी भाड्याने दिली जाई. १५७१ च्या कायद्याने असे पट्टे २१ वर्षं किंवा तीन हयातींपुरते, म्हणजे पट्ट्यात नाव असलेल्या तीन माणसांच्या आयुष्यापुरते, मर्यादित झाले, आणि १५७२ मध्ये शहरातल्या घरांना ४० वर्षांची सवलत मिळाली. कॉलेजांत रेक्टरीचा पट्टा बहुधा २० वर्षांचा असे, पण तो २० वर्षं चालू देत नसत. दर सात वर्षांनी जुना पट्टा परत करून नवा २० वर्षांचा घ्यायचा आणि त्यासाठी एकरकमी नजराणा भरायचा, अशी वहिवाट होती.

वार्षिक खंड जुनाच राहायचा. त्यात एक फरक १५७६ च्या कायद्याने केला. ऑक्सफर्ड, केंब्रिज, विंचेस्टर आणि ईटन इथल्या कॉलेजांनी जुन्या खंडाचा किमान एक तृतीयांश धान्यात घ्यावा असं ठरलं. धान्याचा हिशेब गहू एका क्वार्टरला ६ शिलिंग ८ पेन्स आणि मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, एका क्वार्टरला ५ शिलिंग या दराने. क्वार्टर आणि बुशेल ही धान्याची मापं; क्वार्टर म्हणजे ८ बुशेल. धान्य प्रत्यक्ष द्यायचं किंवा त्याची त्या वेळच्या बाजारभावाने किंमत भरायची.

हे आकड्यात बघा. जुना खंड १२ पौंड. त्याचा तिसरा हिस्सा ४ पौंड, म्हणजे ८० शिलिंग. ६ शिलिंग ८ पेन्स दराने त्याचे होतात १२ क्वार्टर गहू. आता पट्टा म्हणतो: ८ पौंड रोख आणि १२ क्वार्टर गहू. समजा पुढे कधीतरी गहू ४० शिलिंग क्वार्टर झाला. १२ क्वार्टरचे ४८० शिलिंग, म्हणजे २४ पौंड. कॉलेजला मिळाले ३२, आणि भाडेवहीत मात्र '१२ पौंडांची रेक्टरी' तशीच. काही पट्ट्यांत धान्याचा हिस्सा निम्मा गहू आणि निम्मा मॉल्ट असा असतो. वरच्या उदाहरणात ते ६ क्वार्टर गहू आणि ८ क्वार्टर मॉल्ट होतील. पट्ट्यात किती क्वार्टर लिहिले आहेत त्यावरून उलटा हिशेब करून मूळ खंड काढता येतो, आणि तो काढावाच. उत्तर जुन्या भाडेवहीशी जुळलं तर तुम्ही योग्य पट्टा वाचताय.

कोणत्या बाजारचा आणि कोणत्या दिवसाचा भाव धरायचा हेही पट्ट्यातच असतं. केंब्रिजच्या पट्ट्यात केंब्रिजचा, ऑक्सफर्डच्या पट्ट्यात ऑक्सफर्डचा, देय तारखेच्या लगतच्या बाजाराचा. लंडनचे किंवा देशाचे सरासरी भाव वापरून हिशेब मांडलात तर तो बर्सरच्या आकड्याशी जुळणार नाही आणि दोष नसताना बर्सरवर शंका घ्याल.

आता नजराणा. सात वर्षांच्या नूतनीकरणाला साधारण एका वर्षाच्या निव्वळ फायद्याइतका नजराणा, असा दर पूर्वी होता. पुढे तो सव्वा, दीड असा चढत गेला, आणि प्रत्येक कॉलेजचा दर वेगळा. निव्वळ फायदा म्हणजे बाजारभावाने मिळू शकणारं भाडं वजा पट्ट्यातला खंड. रेक्टरीचं खरं मूल्य १०० पौंड आणि धान्यासकट खंड ३२ असेल तर फरक ६८, सव्वा पटीने नजराणा ८५ पौंड. तो सात वर्षांवर पसरला तर वर्षाला सुमारे १२ पौंड.

हे ८५ पौंड मुख्य हिशेबात शोधून सापडत नाहीत, आणि नवख्या अभ्यासकाची फसगत इथेच होते. नजराणा बहुधा मास्टर, म्हणजे कॉलेजचा प्रमुख, आणि फेलो यांच्यात वाटला जाई, त्यामुळे त्याची नोंद वेगळ्या वहीत किंवा कॉलेजच्या ठराववहीत जाते. बर्सरचा हिशेब पाहून 'कॉलेज गरीब होतं' असा निष्कर्ष काढणाऱ्याने ती वही पाहिलेली नसते. नजराण्याच्या नोंदीत अनेकदा खरं वार्षिक मूल्यही लिहिलेलं असतं, कारण त्याशिवाय रक्कम ठरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आधीचं खरं उत्पन्न कळायला यापेक्षा चांगली जागा क्वचितच मिळते.

एका पॅरिशच्या सगळ्या पट्ट्यांच्या तारखा एकाखाली एक लिहा. सात, सात, सात असं अंतर असेल तर सगळं सुरळीत. मध्येच चौदा किंवा वीस आलं तर एक पट्टा हरवला आहे, नाहीतर भांडण झालं होतं: भाडेकरूला नजराणा जास्त वाटला किंवा कॉलेजला पट्टा संपू द्यायचा होता. त्या वर्षांचा पत्रव्यवहार मागवा. १८५८ च्या कायद्यानंतर कॉलेजं ही पद्धत मोडत गेली आणि बाजारभावाने भाडं घेऊ लागली. त्यामुळे १८६०-७० च्या दशकांत उत्पन्न एकाएकी उसळलेलं दिसलं तर शेतीची भरभराट हे कारण लगेच लिहू नका.

बर्सरचा हिशेब

जुना हिशेब आजच्या जमाखर्चासारखा नसतो. पहिल्या भागात बर्सर कशाकशाला जबाबदार आहे ते येतं: अमुक गावाचं इतकं येणं, तमुकचं इतकं. दुसऱ्या भागात तो त्यातून कसा मोकळा होतो ते येतं: खर्च झाला, सूट दिली, वसूल झालं नाही. म्हणजे पहिल्या भागातला आकडा *यायला हवे होते* ते पैसे. आले की नाही हे तो सांगत नाही. पैसे आले का हे बघायला शेवटची थकबाकी वाचावी लागते. तिथे 'सुपर' या शब्दाखाली माणसांची नावं आणि त्यांच्या डोक्यावरची बाकी येते. वाचक पहिला भाग उतरवून घेतात आणि थकबाकीचं पान सोडून देतात, हे आम्ही इतकं पाहिलं आहे की थकबाकी आधी वाचा असंच सांगतो.

भाडेवहीतली नावंही जपून घ्या. कारकून मागच्या वर्षाची वही समोर ठेवून नवी लिहीत असे, त्यामुळे मेलेला भाडेकरू कागदावर आणखी दहा-वीस वर्षं खंड भरत राहतो. नाव खरं आहे की नाही हे पट्ट्यावरूनच ठरवायचं.

रोमन आकड्यांत एकच्या उभ्या रेघा असतात, आणि शेवटच्या रेघेला खाली शेपूट काढलेलं असतं. पुढे कुणी रेघ वाढवू नये म्हणून ती खबरदारी. चार रेघा आणि त्यांच्या डोक्यावर बारीक दोन फुल्या, म्हणजे चार वेळा वीस: ऐंशी. डोक्यावरच्या त्या फुल्या सुटल्या की ८० चे ४ होतात. पेन्सनंतर 'ओब' दिसलं तर अर्धा पेनी, 'क्वा' दिसलं तर पाव. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड हे सगळ्यांना माहीत असतं; मार्क मात्र विसरला जातो. मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स. एखाद्या खंडाच्या शेवटी १३ शिलिंग ४ पेन्स किंवा ६ शिलिंग ८ पेन्स आले तर तो मार्कात ठरलेला, बराच जुना आकडा असण्याची दाट शक्यता.

तारखांचा गोंधळ याहून मोठा. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली तारीख आजच्या हिशेबाने एक वर्ष पुढे न्यावी लागते. वर सांगितलेला धान्याचा कायदाच घ्या: संसदेचं ते अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमधलं, म्हणून तो कुठे १५७५ चा तर कुठे १५७६ चा म्हणून येतो. दोन्ही बरोबर आहेत. कॉलेजचं हिशेबी वर्ष बहुधा २९ सप्टेंबरच्या मायकेलमसपासून मोजलं जाई, आणि खंड २५ मार्च व २९ सप्टेंबर अशा दोन हप्त्यांत येई. उलट चर्चवॉर्डनचा, म्हणजे पॅरिशच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्याचा, हिशेब ईस्टर ते ईस्टर. एकाच '१७२३' या आकड्याखाली तीन वेगवेगळे बारा महिने येऊ शकतात. १७५२ च्या सप्टेंबरात ११ दिवस गाळले गेले. त्यानंतर काही ठिकाणी खंडाचे दिवस ५ एप्रिल आणि १० ऑक्टोबर असे सरकलेले दिसतात.

दशमांशाचे कागद, १८३६ नंतर

१८३६ च्या कायद्याने वस्तूंमधला दशमांश जाऊन त्याजागी पैशातला आकार आला. त्यासाठी गावोगाव नकाशे आणि वाटणीपत्रकं झाली. मूळ सरकारी प्रत लंडनमधल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे, पत्रकं आयआर २९ आणि नकाशे आयआर ३० या मालिकेत. दुसरी प्रत बिशपच्या दप्तरात आणि तिसरी पॅरिशला गेली. या दोन आता बहुधा काउंटीच्या अभिलेखागारात सापडतात. वाटाघाटींच्या फाइली आयआर १८ मध्ये आहेत, आणि भांडणं कळायची तर त्याच बघाव्या लागतात.

पत्रकात जमिनीचा मालक, कसणारा, नकाशावरचा क्रमांक, शेताचं नाव, काय पिकतं, क्षेत्र आणि कोणाला किती आकार ही माहिती असते. क्षेत्र एकर, रूड, पर्चमध्ये: ४० पर्चचा रूड, ४ रूडांचा एकर. आकाराचे रकाने दोन असू शकतात, एक व्हिकरचा आणि दुसरा मोठ्या दशमांशाच्या मालकाचा. त्या दुसऱ्या रकान्यावर कॉलेजऐवजी भाडेकरूचं नाव असलं तर गडबडू नका. प्रस्तावनेत तो कॉलेजचा पट्टेदार आहे असं लिहिलेलं सापडतं. म्हणून पत्रकाची पहिली पानं वाचल्याशिवाय तक्त्यात शिरू नये.

पत्रकातला आकार दर वर्षी तितकाच मिळत नसे. प्रत्येक १०० पौंडांचे तीन समान भाग करून त्यांचं गहू, बार्ली आणि ओट्समध्ये रूपांतर केलं होतं. बुशेलचे मूळ दर असे: गहू ७ शिलिंग पाव पेनी, म्हणजे सव्वा चौऱ्याऐंशी पेन्स, बार्ली ३ शिलिंग साडेअकरा पेन्स, ओट्स २ शिलिंग ९ पेन्स. त्यातून १०० पौंडांमागे सुमारे ९४.९५ बुशेल गहू, १६८.४२ बुशेल बार्ली आणि २४२.४२ बुशेल ओट्स निघतात. दर वर्षी मागच्या सात वर्षांच्या सरासरी भावाने या बुशेलांची किंमत काढून त्या वर्षीचा आकडा जाहीर होई. तो १०५ असेल तर ३०० पौंडांच्या वाटणीवर ३१५ येणं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धान्य स्वस्त झालं तसा हा आकडा घसरत गेला आणि १९०१ मध्ये ६७ च्याही खाली आला. व्हिकरांची त्या काळातली रडकथा वाचताना हा आकडा शेजारी ठेवावा. १९१८ च्या कायद्याने तो १०९ पौंड ३ शिलिंग ११ पेन्सवर गोठवला, १९२५ च्या कायद्याने १०५ वर आणला, आणि १९३६ च्या कायद्याने आकारच रद्द केला.

नकाशा मिळतच नसेल तर बहुधा त्या गावात शेतं एकत्र करून कुंपण घालण्याचा निवाडा आधीच झालेला असतो आणि दशमांशाच्या बदल्यात कॉलेजला किंवा व्हिकरला जमीन मिळालेली असते. मग निवाड्याचा कागद काउंटीच्या अभिलेखागारात मागा. हिशेबात 'दशमांश' ही नोंद बंद होऊन त्याच गावात शेताचं भाडं सुरू झालेलं दिसेल.

पॅरिशची बाजू

चर्चच्या इमारतीचा खर्च विभागलेला असे. सभागृहाचा मुख्य भाग पॅरिशने सांभाळायचा, त्यासाठी गावावर चर्चपट्टी बसे. तिची सक्ती १८६८ मध्ये गेली. वेदीकडचा भाग, चॅन्सल, रेक्टरने दुरुस्त करायचा. कॉलेज रेक्टर असेल तर हा बोजा कॉलेजवर, पण पट्ट्यात तो भाडेकरूवर ढकललेला असतो. म्हणून चॅन्सलच्या छताचं शिसं आणि खिडक्यांची काच यांचा खर्च कॉलेजच्या हिशेबात दिसला नाही तरी काम झालंच नाही असं नव्हे. चर्चवॉर्डनच्या वहीतही तो नसेल, कारण पैसा गावाचा नव्हता. अशा वेळी बिशपच्या किंवा आर्चडीकनच्या तपासणीतल्या तक्रारी बघाव्या: 'चॅन्सल गळतो' ही ओळ तिथे असते.

व्हिकरचं उत्पन्न समजायला ग्लीब टेरिअर वाचा. ही चर्चच्या जमिनींची, घराची आणि दशमांशाच्या वहिवाटीची यादी. १६०४ च्या चर्च-नियमांनुसार ती करून बिशपच्या दप्तरात ठेवायची होती. कोणत्या पिकाचा दशमांश कोणाचा, हे पट्ट्यापेक्षा टेरिअरमध्ये स्पष्ट असतं. १६५० च्या आसपासच्या संसदीय पाहणीत लिव्हिंगची खरी किंमत आणि तिथल्या माणसाबद्दलचा शेरा, दोन्ही मिळतात. ते कागद लँबेथ पॅलेस लायब्ररीत आणि नॅशनल आर्काइव्ह्जच्या सी ९४ मालिकेत आहेत.

गरीब लिव्हिंगांसाठी १७०४ मध्ये क्वीन ॲन्स बाउंटी सुरू झाली. तिची मदत साधारण २०० पौंडांच्या टप्प्यात येई, आणि कोणी बाहेरून २०० पौंड दिले तर बाउंटीही तितकेच घाली. ॲडव्हाउसन असलेलं कॉलेज अशी रक्कम देई, म्हणून कॉलेजच्या खर्चात अचानक २०० पौंड दिसले तर त्याच सुमाराचा बाउंटीचा कागद लँबेथला शोधा. या पैशातून जमीन घ्यायची असे, आणि मिळेल तिथे घेतली जाई. त्यामुळे व्हिकरचं शेत दुसऱ्याच पॅरिशमध्ये निघालं तर नोंद चुकली असं मानू नका. व्हिकरच्या घरासाठीचं कर्ज १७७६ च्या कायद्याखाली लिव्हिंगच्या दोन वर्षांच्या निव्वळ उत्पन्नापर्यंत काढता येई. त्याला नेमणुकीचा हक्क असणाऱ्याची संमती लागत असल्याने नकाशे आणि अंदाजपत्रकं कॉलेजच्या फाइलीत जपलेली असतात.

बिशपचं दप्तर शोधताना हद्दी बदलल्या आहेत हे ध्यानात ठेवा. ऑक्सफर्डचं बिशपपद १५४२ चं, त्याआधी तो भाग लिंकनखाली होता. बर्कशायर १८३६ पर्यंत सॉल्झबरीकडे आणि बकिंगहॅमशायर १८४५ पर्यंत लिंकनकडे.

नेमणुका

फेलोला लग्न करता येत नसे. केलं तर फेलोपद जाई. त्यामुळे चांगलं लिव्हिंग रिकामं होणं ही कॉलेजातली मोठी घटना. ज्येष्ठतेने विचारणा होई आणि नकार-होकार ठराववहीत येत. लिव्हिंग घेतल्यावर फेलोपद सोडायला बहुधा वर्षभराची सवलत मिळे, म्हणून तोच माणूस काही काळ दोन्ही ठिकाणी दिसतो. १७३६ च्या कायद्याने कॉलेजच्या ॲडव्हाउसनांची संख्या फेलोंच्या निम्म्यावर मर्यादित केली; हे बंधन १८०५ मध्ये उठलं. त्या काळात कॉलेजची ॲडव्हाउसन-खरेदी थंडावलेली आणि पुढे जोरात दिसली तर कारण हे. सहा महिन्यांत नाव सुचवलं नाही तर हक्क त्या वेळेपुरता बिशपकडे जाई, म्हणून मृत्यूची आणि नेमणुकीची तारीख यांतलं अंतर नेहमी मोजा. १८८२ च्या नव्या नियमांनंतर लग्नाची अट सैलावली आणि या रांगेतली घाईही ओसरली.

टिपणाचा तक्ता

प्रत्येक नोंदीला एक ओळ: कागदाचा क्रमांक आणि पान, मूळ शब्द जसेच्या तसे, हक्काचा प्रकार, कोणत्या काळाचं येणं, प्रत्यक्ष भरल्याची तारीख, येणं की वसुली, रोख, धान्य किती क्वार्टर, कोण भरतंय. मूळ तारीख आणि आजची तारीख यांना वेगळे रकाने. पैसे दशांशात लिहू नका. सगळं फार्दिंगमध्ये करा, म्हणजे पौंड गुणिले ९६०, शिलिंग गुणिले ४८, पेनी गुणिले ४. अर्धा आणि पाव पेनी त्यात बिनचूक बसतात आणि कारकुनाच्या बेरजेशी पडताळा घेता येतो. त्याची बेरीज चुकलेली निघाली तर दुरुस्त करू नका, त्याचा आकडा आणि तुमचा आकडा शेजारी ठेवा. पुढच्या वर्षीची शिल्लक त्याच्या आकड्यावरून पुढे गेलेली असते.

छायाचित्रं घेण्याआधी परवानगी विचारा, आणि छापायची असतील तर वेगळी विचारा. चॅन्सलच्या फाइलीबाबत उत्तर सावध आलं तर नवल नाही. दुरुस्तीची जबाबदारी काही जमिनींवर आणि काही कॉलेजांवर आजही आहे. २००३ मध्ये ॲस्टन कँटलोच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने एका शेतमालक दांपत्यावर ती कायम केली, आणि अशा जबाबदाऱ्या नोंदवण्यासाठी ऑक्टोबर २०१३ ची मुदत ठरली होती. १९३६ नंतर ही जबाबदारी कोणाकडे किती गेली याची नोंद नॅशनल आर्काइव्ह्जच्या आयआर १०४ मालिकेत पॅरिशवार आहे, आणि ती पाहायला कॉलेजची परवानगी लागत नाही.